झाकण मिटण्याचे नऊ नियम

रविवार, ५ ऑक्टोबर २००८. भोर.

नवी वही सुरू करतोय, तेव्हा पहिल्या पानावर हे असू दे. माझ्या हातांनी केलेल्या वस्तू. व्होल्टेज स्टॅबिलायझर एकशे चौदा, प्रत्येकाचं कॉइल हाताने गुंडाळलेलं, एकही जळून परत आला नाही. टीव्हीचे बूस्टर एकतीस. त्यातला एक वेल्ह्यात डोंगराच्या अगदी पोटात, जिथे चित्र येणार नाही असं पुण्याच्या माणसाने लिहून दिलं होतं. दुकानाचं लाकडी काउंटर, एकही खिळा न मारता. बायकोच्या, रुकसानाच्या, शिलाई मशीनला बसवलेली मोटर. आणि ‘नेत्रनोंद’ हा प्रोग्राम, फॉक्सप्रो या कॉम्प्युटरच्या भाषेत, १९९६ पासून आजपर्यंत अकरा हजार चारशे ओळी. दहावी नापास माणसाने, पुस्तकावरून, कुठल्याही क्लासला न बसता.

‘नेत्रनोंद’ वेल्ह्याच्या नेत्रसेवा मंडळासाठी. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांची मोतीबिंदूसाठी नावं नोंदवायची, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यादीप्रमाणे गाडी पुण्याला ऑपरेशनला न्यायची. यादीत नाव तर गाडीत जागा. मंडळाकडून मी एक पैसा घेत नाही.

जुना कॉम्प्युटर मे महिन्यात गेला. कुणा दात्याने नवा लॅपटॉप दिला, त्यावर माझा प्रोग्राम चालेना. पुण्याचा एक पोरगेला इंजिनियर म्हणाला, “काका, हे फेकून द्या, आता कोण वापरतं?” मी फेकलं नाही. व्हर्च्युअल मशीनचं सॉफ्टवेअर मिळवलं आणि लॅपटॉपच्या आत जुना कॉम्प्युटर उभा केला. म्हणजे दिसतो, चालतो, पण हात लावायला गेलं तर नाही. मी त्याला आतलं मशीन म्हणतो, लॅपटॉपला बाहेरचं. आतल्यात ‘नेत्रनोंद’ पहिल्यासारखी पळते.

एकच अडचण. बंद करून चालू केलं तर दोन्ही मशीनं उठायला अकरा मिनिटं लागतात, आणि वेल्ह्यात वीज दिवसातून तीनदा जाते. म्हणून बंद करायचंच नाही. वीज गेली की झाकण मिटायचं, लॅपटॉप झोपतो. आली की उघडायचं. त्यासाठी मी नऊ नियम लिहून, पुठ्ठ्यावर चिकटवून, टेबलाशेजारी टांगलेत. चौथा महत्त्वाचा: झाकण मिटण्यापूर्वी डाव्या हाताने कंट्रोल आणि आल्ट दाबावे, म्हणजे माउस आतल्या मशीनमधून बाहेर येतो. झाकण दोन बोटे उरेपर्यंत ती दाबूनच धरावी, म्हणजे माउस परत आत जाणार नाही. मग बोटे काढून घ्यावी. सहावा: उघडल्यावर प्रथम टी दाबून आजची तारीख आणावी. सातवा: तारीख न बदलल्यास पुन्हा दाबावे.

नोंदी घालायला मार्गासनीच्या कुंडलिक वालगुडेची मुलगी वैष्णवी आहे, बारावी झालेली. ऑगस्टमध्ये मीच निवडली, मीच शिकवली. नऊच्या नऊ नियम तिसऱ्या दिवशी पाठ म्हणून दाखवले. बोट नेमकं पडतं तिचं.

बुधवार, ८ ऑक्टोबर.

वेल्ह्याला गेलो. तक्रार अशी की झोपेतून उठल्यावर आतल्या मशीनमधला बाण हलत नाही. बघितलं तर खरं. बाहेर बाण फिरतो, आत गेला की मेल्यासारखा. आतल्या मशीनला लॅपटॉपच्या अंगच्या पॅडऐवजी वायरचा माउस दाखवला, ओळख नव्याने करून दिली. एक तास चाळीस मिनिटं. मग तेरा वेळा मिटून उघडलं, तेराही वेळा बाण हलला.

निघताना वैष्णवी म्हणाली, “सर, आणखी एक. उठल्यावर टी दाबलं तरी कधीकधी तारीख बदलत नाही. तीन-तीनदा दाबावं लागतं.”

“सातवा नियम काय आहे?”

“तारीख न बदलल्यास पुन्हा दाबावे.”

“मग?”

“मग दाबतेच की. पण आधी दाबलेलं जातं कुठं?”

मला हसू आलं. मंडळाचे सचिव मानसिंगराव रेणुसे पेपर वाचत होते, तेही हसले. “अगं, दाबलेलं कुठं जायचंय? एसटीनं नसरापूरला?”

ती हसली नाही. “आणि चौथ्या नियमाला बोटं चेमटतात,” म्हणाली. डाव्या तर्जनीच्या नखाखाली काळं झालं होतं.

“दोन बोटं उरली की काढायची. लिहिलंय.”

“कुणाची दोन बोटं, तुमची का माझी?”

पोरगी जिभेला तिखट आहे. पण हात स्वच्छ आहे म्हणून चालवून घेतो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर.

पुण्याच्या डॉक्टरांचा निरोप: इतकी नीटनेटकी यादी दुसऱ्या कुठल्या तालुक्यातून येत नाही. वाचून बरं वाटलं. रुकसानाला दाखवलं, ती म्हणाली, “बरंय.” तिला यातलं कळत नाही.

नीटनेटकेपणा आपोआप येत नाही. तक्त्यात नको असलेल्या ओळीवर काळा ठिपका पडायचा, तो मी पडद्यावरून घालवला आहे. घाण दिसायचा. ठिपक्याच्या ओळी दर शनिवारी प्रोग्राम आपणच झाडून टाकतो. कुणाला काही करावं लागत नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर.

सकाळी सात वाजता मानसिंगरावांचा फोन. गाडी मार्गासनीच्या फाट्यावर थांबली, तेवीस माणसं चढली. बाळाबाई वालगुडे पहाटे पाचपासून पिशवी घेऊन उभी, अंघोळ करून, नवं लुगडं नेसून. यादीत नाव नाही. एका डोळ्याने आधीच आंधळी, दुसरा पिकलेला. ड्रायव्हर म्हणाला, नाव नाही त्याला डॉक्टर हात लावत नाहीत, जागा पण नाही. ती म्हणाली, “लेका, नीट बघ, मला वाचता येत न्हाई, तुला येतंय.” त्याने तीनदा वाचली. गाडी गेली.

तिचा मुलगा बंडू तिथेच ओरडायला लागला. वैष्णवीचा बाप कुंडलिक आणि हे भावकीतले, बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद. “आमच्या आईचं नाव कुणी कापलं ते आख्ख्या गावाला ठावं हाय,” म्हणाला.

मी मानसिंगरावांना सांगितलं, प्रोग्राम नावं कापत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.

वेल्ह्याला दिवसभर. कागदी फॉर्म एक एक करून कॉम्प्युटरशी ताडले. दोनशे बारा फॉर्म, कॉम्प्युटरवर दोनशे सात. पाच नावं नाहीत. पानशेतकडची दोन, गेनबा म्हणून एक, फुलाबाई म्हणून एक, आणि बाळाबाई. पाचही फॉर्म वैष्णवीच्या अक्षरात, पाचांवर तिचीच ‘नोंद केली’ अशी सही आणि वेळ. बाळाबाईची दुपारी दोन वाजून पाच मिनिटं. सव्वादोनला वीज जाते.

तिला विचारलं, “घातली होतीस?”

“घातली होती, सर. बाळाआजीला तर मीच फॉर्म भरायला लावला. ती येत नव्हती, भांडण आहे म्हणून. आबांना घरी सांगितलं नव्हतं.”

“मग गेली कुठं?”

“तेच मी त्या दिवशी विचारत होते.”

असलं उत्तर मला चालत नाही. विचारलेल्याला उत्तर द्यावं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

लॅपटॉप भोरला आणून तीन दिवस तपासला. नोंद घातली, झाकण मिटलं, उघडलं, टी दाबलं. चाळीस वेळा. मिनिटभर झोपवून दहा वेळा, तासभर झोपवून वीस, रात्रभर झोपवून दोन, बॅटरी उतरू देऊन आठ. कंट्रोल-आल्ट दाबून माउस बाहेर काढला, झाकण मिटलं, झालं. इतक्या महिन्यांच्या सवयीने हात आपोआप चालतो, मला पुठ्ठा बघावा लागत नाही. चाळीसपैकी चाळीस वेळा तारीख आली, नोंद जागेवर.

निष्कर्ष: मशीन निर्दोष. वहीत वेगळ्या पानावर तक्ता काढला आहे.

एक गोष्ट खटकते ती लिहून ठेवतो. पाचांत भांडणातली एकच, बाकी चौघांशी मुलीचा काही संबंध नाही. मानसिंगरावांना म्हटलं तर ते म्हणाले, “एक लपवायला चार. एवढं डोकं बारावीला असतं.” तसंही असेल.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.

मंडळाच्या खोलीत बैठक झाली. मी, मानसिंगराव, बंडू आणि त्याच्या बाजूचे चौघं, कुंडलिक, वैष्णवी. बाळाबाई बाहेर पायरीवर बसली. आत या म्हटलं तर म्हणाली, “आत काय बघायचंय मला. हितं ऊन हाय.”

मी प्रात्यक्षिक दाखवलं. नोंद घातली, माउस बाहेर काढला, झाकण मिटलं, दोन मिनिटं थांबलो, उघडलं, टी दाबलं. तारीख आली. नोंद जागच्या जागी. असं तीनदा, बंडूला मोठ्याने मोजायला लावून.

वैष्णवी म्हणाली, “सर, पुठ्ठ्यावर लिहिलंय तसं मिटा की. तुम्ही आधीच सोडताय.”

“काय सोडतोय?”

“बोटं. मी सोडत नाही. चौथ्या नियमात—”

“चौथा नियम मी लिहिलाय. तू पाळण्यात होतीस तेव्हा मी कॉइलं गुंडाळत होतो.”

लोक हसले.

“एकदा मला मिटू द्या.”

“तू मिटलंस म्हणून तर आज सगळे जमलोत.”

पुन्हा हसले. बंडूच्या बाजूचा एकजण म्हणाला, “तिला हात लावू देऊ नका, हितल्यांची पण नावं जातील.” मला वाटतं माझं वाक्य चांगलं बसलं होतं, पण मग फारच हसायला लागले. बैठकीत इतकं हसू नये.

मानसिंगरावांनी विचारलं, “अमजदभाई, एका शब्दात सांगा. मशीन का माणूस?”

मी सांगितलं, “मशीन झोपतं आणि उठतं. त्याला बांध नसतो.”

कुंडलिक उठला आणि त्याने तिथेच मुलीच्या थोबाडीत मारली. मला ते आवडलं नाही. लॅपटॉप टेबलाच्या कडेला होता.

ती रडली नाही. खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. पुठ्ठ्याकडे बघत म्हणाली, “नऊच्या नऊ पाळले होते, सर.” बाहेर पडताना पायरीवर बाळाबाईने विचारलं, “कोण हाय गं?” तिने नाव सांगितलं नाही. म्हातारीने पाय आखडून वाट दिली.

एसटी सव्वापाचची मिळाली. कापूरव्होळपर्यंत उभा. शरीर थकलं पण काम स्वच्छ झालं.

मंगळवार, २ डिसेंबर.

बाळाबाईचा डोळा गेला. पिकलेला मोतीबिंदू आत फुटला, दोन दिवस डोकं धरून ओरडत होती, बंडूने टेम्पो करून पुण्याला नेली. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे आधी आणली असती तर नक्की वाचला असता. आता उजेड-अंधारही कळत नाही.

मानसिंगराव फोनवर सांगत होते, मार्गासनीत वैष्णवीला ‘कापणारी’ म्हणतात. पिठाच्या गिरणीत तिच्या डब्याला कुणी नंबर देत नाही. बंडूने बांध दोन हात कुंडलिकच्या रानात सरकवला, कुणी बोललं नाही. “तुमच्या तपासणीमुळे लवकर उलगडा झाला,” म्हणाले. मी म्हटलं, ते माझं कामच आहे.

जेवण गेलं नाही. आमटी खारट होती.

रविवार, ७ डिसेंबर.

हे पूर्ण लिहितो.

नसरापूरची सानिया म्हणून नवी मुलगी उद्या सोमवारपासून येणार. बैठकीनंतर लॅपटॉप आणि पुठ्ठा मी भोरला आणले होते. पुठ्ठ्यावरची शाई उडाली होती, म्हणून नियम नव्याने लिहायला घेतले. लिहिण्याआधी प्रत्येक नियम अक्षरशः करून बघायचा, ही माझी पद्धत. सकाळी साडेदहाला लॅपटॉप काउंटरवर ठेवला, पुठ्ठा समोर.

चौथा नियम. डाव्या हाताने कंट्रोल-आल्ट दाबलं. दाबून धरलं. उजव्या हाताने झाकण खाली. दोन बोटं उरली, बोटं काढून घेतली. तर्जनी चेमटली. दोन मिनिटं थांबलो. उघडलं. टी दाबलं.

तारीख बदलली नाही.

सातवा नियम. पुन्हा दाबलं. नाही. तिसऱ्यांदा. नाही. बोट घसरून कंट्रोलला लागलं, मग टी दाबलं, तारीख आली.

मी घालवलेला काळा ठिपका पडद्यावर परत आणला. ज्या ओळीवर थांबून झाकण मिटलं होतं, त्या ओळीवर ठिपका होता.

कारण असं. बाहेरचं मशीन झाकण दोन बोटांवर आल्याबरोबर झोपतं. तेव्हा बोटं अजून दाबलेलीच असतात. ती सुटतात तेव्हा ऐकायला कुणी जागं नसतं. उठल्यावर आल्ट सुटल्याचं आतल्या मशीनला कळतं, कंट्रोल सुटल्याचं कळत नाही. ते समजतं, कंट्रोल दाबलेलंच आहे. आणि फॉक्सप्रोच्या तक्त्यात कंट्रोलबरोबर टी म्हणजे तारीख नव्हे. कंट्रोलबरोबर टी म्हणजे ही ओळ काढून टाका. दुसऱ्यांदा दाबलं की खूण निघते, तिसऱ्यांदा दाबलं की परत पडते. शनिवारी माझी झाडझूड ती ओळ घेऊन जाते. म्हणजे वीज जाण्याआधी शेवटी ज्याचं नाव घातलं, त्याचं नाव. टी सम वेळा दाबलं तर वाचतं, विषम वेळा दाबलं तर जातं.

वीस वेळा करून बघितलं, तंतोतंत पुठ्ठ्याप्रमाणे. सतरा वेळा तसंच झालं. बोटं आधी सोडली तर एकदाही नाही. मी आधी सोडतो. पुठ्ठ्याप्रमाणे करणारं माणूस एकच होतं.

शोध चांगला आहे. इतकं बारीक पुण्याच्या त्या इंजिनियरला सापडलं नसतं. उठून कुणाला तरी सांगावं असं वाटलं. शटरपर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो.

सोमवार, ८ डिसेंबर.

चौथा नियम बदलला: कंट्रोल-आल्ट दाबून सोडावे, मगच झाकणाला हात लावावा. तारखेसाठी टीऐवजी फंक्शनची दुसरी की दिली. ठिपका पडद्यावर ठेवला. शनिवारची झाडझूड काढली. जुना पुठ्ठा अंघोळीच्या बंबात घातला, चांगला जळाला.

मानसिंगरावांना फोन करून सांगितलं, सुधारित आवृत्ती देतोय.

“आधीच्यात चूक होती काय?”

“चूक नाही. सुधारणा.”

“बरं बरं,” म्हणाले. आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मनातून जावं म्हणून लिहितो. तिने नियम पाळला. नियम माझा. हे मला मान्य आहे. पण मशीन इतक्या लवकर झोपतं हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. आणि तिला काही दिसत होतं तर एकटीने येऊन शांतपणे मला सांगायचं. चारचौघांत नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर.

परवा बकरी ईद झाली. पाहुणे गेल्यावर आज रुकसानाने विचारलं, “चार दिस झाले, ताटात निस्ती बोटं फिरवताय. काय झालंय?”

तिला सगळं सांगितलं. वाटी पालथी घालून झाकण कसं मिटतं ते दाखवलं, चमच्याने बोट. ती नीट ऐकत होती. मला वाटतं इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझं काम समजून घेतलं.

मग म्हणाली, “म्हंजे पोरगी खरं बोलत व्हती.”

“तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर—”

“ते ऱ्हाऊ द्या. व्हती का न्हाई?”

“होती.”

“मग उद्याची पयली गाडी धरा.”

“गेलो तर बंडू मला विचारेल. मंडळ विचारेल. बाळाबाईचा डोळा माझ्या नावावर येईल.”

“आत्ता कुणाच्या नावावर हाय?”

मी ताट सारून उठलो. बाईमाणसाला सांगण्यात अर्थ नाही, बोलणं सरळ रेषेत जात नाही.

रविवार, १४ डिसेंबर.

गाडी गेली. सव्वीस नावं, सव्वीस माणसं. सानियाने नियम अजून पाठ केलेले नाहीत, पण नवे नियम असे आहेत की पाठ नसले तरी चालतं. डॉक्टरांनी पुन्हा कौतुक कळवलं.

गुरुवार, १८ डिसेंबर.

दुपारी दीड वाजता दुकानात कुंडलिक आला. मी इस्त्रीचं कॉइल बदलत होतो. म्हटलं, बसा. स्टुलावर न बसता तो खाली फरशीवर बसला.

“अमजदभाई, म्या अडाणी माणूस. त्या दिशी पोरीवर हात उगारला, समद्यांच्या देखत. तुमी म्हणालात म्हंजे खरंच असणार, आसं वाटलं.”

मी कॉइल गुंडाळत राहिलो.

“ती उंबऱ्याभाईर येईना. बंडूची पोरं भिंतीवर कोळशानं लिवून जात्यात, ती रातीची उठून पुसती. मला म्हणती, आबा, मी त्या आजीला हाताला धरून आणली हुती. येवढंच. परत परत त्येच. आता नसरापूरला दातांचं डॉक्टर हायेत, त्यांना कॉम्पुटरवर माणूस पाह्यजे. त्यांनी सारं ऐकलंय. तरी म्हणाले, ज्यानं शिकवलं त्याची चिठ्ठी आणा, ठेवतो.”

“कसली चिठ्ठी?”

“दोन वळी. पोरगी मुद्दाम करणारी न्हाई, येवढ्याच. मशीनचं काय लिवू नका. तुमच्यावर काय येणार न्हाई आसं लिवा.”

मी विचार केला. खरंच केला, नोंदवून ठेवतो. कागद काउंटरवर होता, पेन खिशाला होतं. पण लिहायचं तर जसं घडलं तसं पूर्ण लिहावं लागतं. अर्धवट काही लिहिणं माझ्या स्वभावात नाही, ही वही साक्षीला आहे. आणि पूर्ण लिहिणं आता कुणाच्याच फायद्याचं नाही. डोळा काही परत येत नाही.

म्हटलं, “कुंडलिकराव, मी दाखला देणारा कोण? मी साधा मेकॅनिक.”

त्याने सदऱ्याच्या आतून कपड्याच्या दुकानाची पिशवी काढली आणि काउंटरवर ठेवली. नोटा होत्या, दोऱ्याने बांधलेल्या.

“तिचाच पगार हाय. तीन म्हयन्यांचा. तिनं खर्चला न्हाई. म्हणाली, सरांना द्या, ते फुकट काम करत्यात समद्यांचं, त्यांचा येळ जाईल लिवायला.”

मला रागच आला. एकशे चौदा स्टॅबिलायझर केले, एकावरही सांगितलेल्या भावाच्या वर रुपया घेतला नाही. मंडळाचं बारा वर्षं फुकट केलं. पैसे टाकून माझ्याकडून कुणी एक अक्षर लिहून घेतलेलं नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं, आवाज न चढवता. पिशवी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

त्याने पिशवी परत सदऱ्याच्या आत घातली. मग म्हणाला, “मंग बिनपैशाचं लिवा.”

“प्रश्न पैशाचा नाही,” म्हटलं. “तत्त्वाचा आहे.”

“आसं,” म्हणाला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं मिक्सर घेऊन, त्याच्याशी बोलण्यात वीस मिनिटं गेली. वळून बघितलं तर फरशीवर कुणी नव्हतं. रुकसानाने मागच्या दाराने त्याला चहा दिला म्हणे, तो त्याने घेतला नाही. रुकसाना तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. येईल मार्गावर.

इस्त्री साडेतीनला चालू झाली, उत्तम तापते.

माझ्या मागे कुणी ही वही वाचली तर त्याला माहीत असावं, म्हणून रक्कम लिहून ठेवतो. दोन ओळींच्या चिठ्ठीसाठी कुंडलिक वालगुडेने दुकानात येऊन पुढे केलेले पैसे मी घेतले नाहीत. चार हजार दोनशे रुपये.